न उचललेले वाटे

पत्रू मडावीला या व्यवहारातून काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे त्याची कीव करायची पाळी येणार नाही. कंपनीची सुपरवायझरकी, महिना तीन हजार. फिरायला मोटरसायकल, तिचं पेट्रोलही कंपनीचं. टेकडीच्या पायथ्याला पत्र्याची खोली, खोलीत टेबल-खुर्ची आणि खुर्चीत पत्रू. शिवाय अहेरीच्या बाजारात जो किराणावाला त्याला आजवर ‘ए मडावी, बाजूले सरक’ म्हणत आला होता, तो आता ‘या मडावी साहेब’ म्हणणार. या शेवटच्या बाबीची किंमत पत्रूनं सगळ्यांत जास्त धरली होती. बदल्यात त्याला द्यायचं काय होतं? टेकडी. आणि टेकडी त्याची नव्हती. एवढ्या सोयीचा व्यवहार माणसाच्या वाट्याला क्वचित येतो.

पत्रू हा येरमटोल्याच्या सरपंचाचा नवरा. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा बाकीच्या नवऱ्यांना तालुक्याच्या चकरा मारायचा कंटाळा होता आणि पत्रूला हौस होती. म्हणून त्याची बायको रंजीता बिनविरोध निवडून आली. तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या खुर्चीत पत्रू बसायचा आणि रंजीता त्या वेळात सरपण आणायची. सहीची वेळ आली की तो कागद घरी न्यायचा. ती चुलीपुढून उठे, हात पदराला पुसे, आपलं नाव काढे आणि पुन्हा चुलीपुढे बसे. पत्रू अहेरीला दहावीत दोनदा नापास झालेला होता. गावात बाकी कोणी एकदाही दहावीपर्यंत पोचलं नसल्यामुळे तो शिकलेला ठरला होता.

साल दोन हजार पाच. झाडाच्या बियांतून डिझेल निघतं ही बातमी तेव्हा मंत्र्यापासून बसस्टँडवरच्या फुटाणेवाल्यापर्यंत सगळ्यांना कळली होती. त्या झाडाला साहेब लोक जट्रोफा म्हणत, सरकारी पत्रकात रतनजोत म्हणत, आणि येरमटोल्यात त्याला म्हणण्यासारखं कोणाला काही वाटत नसे. ढोरं तोंड लावत नाहीत म्हणून बायका ते परसाच्या कुंपणाला लावत, इतकंच. नागपूरच्या एका कंपनीला ते पडीक जमिनीवर लावायचं होतं. पडीक जमीन म्हणजे जीपमधून बघताना साहेबाला जिच्यात पीक दिसत नाही ती.

जीप वाजिदची होती. वाजिद अहेरीचा, बापाच्या वेळेपासून या पट्ट्यात मोहफुलं, डिंक, हिरडा विकत घ्यायचा. हंगाम नसला की जीप भाड्यानं द्यायचा आणि स्वतःच चालवायचा. कंपनीच्या वासेकर साहेबांना घेऊन तो आला, तेव्हा पत्रू रस्त्यावर इस्त्रीचा शर्ट घालून उभाच होता.

“ही पूर्ण टेकडी पडीक आहे ना?” साहेबांनी काचेतून विचारलं.

“पडीकच जी. काईच होत नाई तिथी.”

“मोहा होतो ना, पत्रूभाऊ,” वाजिद स्टिअरिंगवरून म्हणाला. “पिछले साल याच टेकडीचा माल मी दोन खेपा नेला.”

“मोहा काय पीक हाय का बावा? तो आपोआप पडते.”

साहेबांना हे पटलं. जे आपोआप पडतं त्याला मालक नसतो, असं त्यांच्या शिक्षणात बसत होतं. सरकारी कागदावर टेकडी ‘झुडपी जंगल’ होती, तेही त्यांना पुरेसं होतं. गावाचा हिशोब मात्र वेगळा. टेकडीवरचं एकेक मोहाचं झाड एकेका घराचं, आजोबा-पणजोबापासूनचं. वरचं वाकडं झाड बुधूचं, त्याच्याखालची दोन रुखमाबाईची, ओढ्याकडची तीन पत्रूची. जमिनीचा सातबारा कोणाकडे नव्हता आणि झाडाबद्दल कधी भांडण नव्हतं. फुलांच्या दिवसांत शेजारणीच्या झाडाखालचं एक फूल कोणी उचलत नसे. उचललं तर वर्षभर पाणवठ्यावर त्या बाईशी कोणी बोलत नसे. हे सगळं पत्रूला आईच्या दुधाबरोबर ठाऊक होतं. साहेबांना सांगायची गरज त्याला वाटली नाही.

“गावाची संमती लागेल,” साहेब म्हणाले. “आजकाल बँक विचारते, अनुदानवाले विचारतात. ग्रामसभेचा ठराव, दोन-चार फोटो. लोकसहभाग.” हा शब्द त्यांनी लाइटबिल भरायचं राहिलंय अशा सुरात उच्चारला.

“ते तुमी माह्यावर सोडा जी. गाव आपल्या शब्दाबाहेर नाई.”

वाजिद खोकला. त्याला दिवसाचं भाडं ठरलेलं होतं, खोकण्यापलीकडे त्यानं काही केलं नाही.

आता गाव शब्दाबाहेर नाही ही थाप होती, हे पत्रूलाही माहीत होतं. येरमटोल्यात मोठी गोष्ट एका बैठकीत ठरत नाही. एकदा बसायचं, ऐकायचं, घरी जायचं. पुन्हा बसायचं. बायका घरात काय बोलल्या ते तिसऱ्या खेपेला बाहेर येतं. सगळ्यांचं जुळलं की मग बोकड कापायचा, गावात जेवढी घरं तेवढे मटणाचे वाटे सागाच्या पानांवर मांडायचे आणि ज्यानं-त्यानं आपला वाटा उचलून घरी न्यायचा. वाटा उचलला की निर्णय त्या घराचा झाला, मग उद्या ‘मी नव्हतो’ म्हणता येत नाही. ज्याला पटलेलं नसतं तो भांडत बसत नाही. वाटा तिथंच ठेवून जातो. एक जरी वाटा पानावर राहिला तरी गाव पुन्हा बसतं.

पत्रूनं यातून शॉर्टकट काढला. बैठका गाळायच्या आणि बोकड आधी कापायचा. पौषाचा महिना, घरोघर आंबील-भात चाललेला. मटणाचा वास सुटल्यावर कोणाचा नन्ना टिकतो? एकदा वाटा उचलला की गाव आपल्याच रीतीनं बांधलं जाईल. माणूस दुसऱ्याला मापतो तो स्वतःच्याच पायलीनं. पत्रूची पायली लहान होती.

बोकडाचे पैसे कंपनीनं दिले. पत्रूनं त्यात म्हातारा बोकड आणला आणि उरलेल्यांतून स्वतःला बूट घेतले.

“यह बकरा है के बकरे का बाप?” वाजिदनं जीपमधून उतरवताना विचारलं. “पत्रूभाऊ, ह्याचे वाटे चावता चावता लोक ठराव विसरून जातील.”

“तू तुह्या जीपचं पाय.”

सभेच्या आदल्या संध्याकाळी रंजीतानं एकच प्रश्न केला होता. “झाडायचं काय जी?”

“झुडपं काढनार हायत. झाडाले कोन हात लावते?”

“कागदावर तसं लिवलं हाय का?”

“तुले वाचता येते का? मंग काऊन इचारून राह्यली?”

रंजीतानं चुलीत लाकूड सारलं. तिला खरं काय ते कळलं नाही असं समजू नका. सही करायला तिला लागायची एक घटका, आणि न करण्यासाठी लागलं असतं महिनाभराचं भांडण. तिनं स्वस्त पडलं ते घेतलं. स्वस्त मालाचं पुढे काय होतं ते बाजार करणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

गोटुलापुढच्या, म्हणजे गावाच्या बैठकघरापुढच्या मांडवात गाव जमलं. मागे कंपनीचा हिरवा बॅनर, पुढे खुर्चीत साहेब, बाजूच्या खुर्चीत पत्रू. सरपंचबाई बायकांमध्ये खाली बसल्या होत्या, कारण खुर्च्या दोनच आल्या होत्या. साहेबांनी देशाला तेलाची किती गरज आहे ते सांगितलं. येरमटोल्यात अजून लाइट आलेली नव्हती. या तेलावर जनरेटर चालेल आणि घरोघरी एकेक दिवा लागेल, असंही सांगितलं. मग म्हणाले, “विचारा. ही तुमचीच योजना आहे.”

बुधू उठला. बुधू गावाचा गायता, म्हणजे देवाचं आणि पेरणीचं पाहणारा. बोलायला उठला की आधी तंबाखू थुंकायचा.

“साहेब, ते तेल खाता येते का?”

“नाही. विषारी असतं.”

“ढोराले पेंड?”

“पेंडही नाही चालत.”

“मंग खाते कोन?”

“गाडीत टाकायचं. डिझेलसारखं.”

बुधूनं चौफेर पाहिलं. साऱ्या गावाची नजर फिरत फिरत एकमेव गाडीवर, म्हणजे वाजिदच्या जीपवर थांबली. “म्हंजे टेकडी आमी या वाजिदच्या जीपले चारायची,” बुधू म्हणाला.

गाव हसलं. वाजिद सगळ्यांत मोठ्यानं हसला. साहेबही हसले, कारण त्यांनी सोबत आणलेला फोटोवाला फोटो काढत होता.

रुखमाबाई खालूनच बोलली. विधवा बाई, शेत नाही, दोन मोहाची झाडं हीच तिची इस्टेट. “बियाले किती साल लागते?”

“तीन वर्षांत चांगलं फळ येतं.”

“आनं मोहा?”

साहेबांनी पत्रूकडे पाहिलं. पत्रूनं मान हलवली. “मोहाला धक्का लागणार नाही,” साहेब म्हणाले. हे खोटं ते बोलले की पत्रूची मान बोलली, यावर पुढे कोर्टातही उलगडा झाला नाही.

“बरं,” बुधू म्हणाला. “आयकलं.” आणि खाली बसला.

मग कोणीच बोललं नाही. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणं येरमटोल्यात वाईट समजतात. नाही असेल तर गप्प बसायचं, समजणारा समजतो. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अंधाराच्या आत अहेरी गाठायला हवी होती. “कोणाचा विरोध? नाही? मग सर्वानुमते.” रंजीता पुढे आली, तिनं सही केली. साहेबांनी तिच्या गळ्यात हार घातला. लोकसहभाग झाला.

पत्रू घाईनं बोकडाच्या वाट्यांकडे वळला. पोरांनी सागाची पानं ओळीनं मांडली होती, प्रत्येक पानावर मटण, कलेजीचा तुकडा सारखा वाटून. “चला, चला, उचला आपापले. साहेबाले फोटो पायजे.”

बुधू पानांजवळून गेला. दुसरा गेला. इसरू म्हणून एक तरणा गडी क्षणभर आपल्या पानापाशी रेंगाळला, तोंडाला पाणी सुटलेलं दिसत होतं. मागून बायकोनं फक्त “घरी भात हाय” एवढं म्हटलं आणि तोही गेला. रुखमाबाईनं पाहिलंच नाही. थोड्या वेळात मांडवापुढे पानांच्या ओळी, त्यांच्यावर मटण आणि मटणावर माश्या, एवढंच उरलं.

“हे घेत का नाहीत?” साहेब.

“लाजून राह्यले जी. तुमी गेले का नेतीन.”

वाजिदनं जीप चालू केली. निघता निघता पत्रूला जवळ बोलावून हळूच म्हणाला, “पत्रूभाऊ, मैं धंदेवाला आदमी. एकाही गिऱ्हाइकानं माल उचलला नाई, तर मी त्या दिवशी दुकान बंद करतो.”

“ठराव कागदावर झाला, पानावर नाई,” पत्रू म्हणाला. वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं.

आता इथे शहाण्या माणसानं घरी जायला हवं होतं. वाटे कुत्र्यांनी नेले असते, गाव पुन्हा बसलं असतं, काही ना काही वाट निघाली असती. पण पत्रूच्या डोळ्यांपुढे अख्खा बोकड पडलेला, आणि तो फुकट चाललेला. कुत्र्याच्या तोंडी मटण बघणं त्याला साहवेना. त्यानं घरून टोपलं आणलं आणि एकेक पान त्यात रिकामं केलं. सगळ्या घरांचे वाटे एका माणसानं उचलले. दारादारांतून गाव बघत होतं. कोणी हाक मारून त्याला थांबवलं नाही, हेही लिहून ठेवा.

रंजीतानं टोपलं पाहिलं आणि ती दारातच उभी राहिली. “काय केलं जी तुमी?”

“मटन आनलं. सड्डं असतं.”

“सगळ्यायचे वाटे आपल्या घरात आनले? म्हंजे ठराव आपल्या एकट्या घराचा झाला.”

“जुन्या लोकायच्या गोष्टी सांगून नको राहू. मसाला वाट.”

तिनं वाटला नाही. पत्रूनं स्वतः शिजवलं. मटण चिवट होतं. उरलेलं त्यानं कुडावर वाळत घातलं आणि तो आठ दिवस दात कोरत होता.

माघात काम सुरू झालं. पत्रू मोटरसायकलवरून घरोघर फिरला, रोजी सांगितली, पण येरमटोल्याचा एकही माणूस कुदळ घेऊन बाहेर पडला नाही. “तुमच्या घरचं काम हाय भाऊ,” इसरू म्हणाला, “तुमीच करा.” कंपनीच्या ठेकेदारानं सीमेपलीकडून मजूर आणले. खड्डे सरळ रेषेत हवे होते, आणि मोहाची झाडं काही रेषेत उगवलेली नव्हती. शिवाय तोडलेल्या लाकडाला गिऱ्हाईक असतं हे ठेकेदाराला कोणी शिकवायला नको होतं.

“मडावी साहेब,” ठेकेदारानं विचारलं, “ही मोठी झाडं?”

साहेब! हा शब्द पत्रूच्या कानात मधासारखा गेला. त्यानं टेकडीकडे पाहिलं. “काढा,” तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, ओढ्याकडे बोट दाखवून, “ते तीन सोडून.”

तीन दिवस कुऱ्हाडी चालल्या. गाव खालून ऐकत होतं. वर कोणी गेलं नाही. ठराव आपला नाही, म्हणजे तोडही आपली नाही, असा त्यांचा चोख न्याय होता. न उचललेल्या वाट्यानं कुऱ्हाड थांबत नाही, हे बुधूसारख्या जाणत्यालाही तिसऱ्या दिवशी स्वतःचं वाकडं झाड पडल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. रुखमाबाई एकटी वर गेली. तिची दोन्ही झाडं आडवी होती. ती एका खोडावर बसून राहिली, मजुरांनी तिला उठवून खोड ओढून नेलं.

मग वनखात्याचा गार्ड आला, मागून रेंजर आला. झुडपी जंगलात विनापरवाना तोड म्हणजे वनगुन्हा. ठेकेदार रातोरात लाकूड घेऊन पसार झाला होता. नागपूरहून वासेकर साहेबांनी ठरावाची झेरॉक्स पाठवली. ग्रामसभेनं जमीन साफ करायला सांगितलं, कंपनीनं लोकांच्या इच्छेचा मान राखला. खाली सही, सरपंच.

रेंजरनं गावाला विचारलं, “ठराव तुम्ही सगळ्यांनी केला ना? सर्वानुमते लिहिलंय.”

“आमी वाटा नाई उचलला,” बुधू म्हणाला.

“कसला वाटा?”

“ज्यायनं उचलला त्यायचा ठराव. ते घर पाहा.” एकेकानं येऊन हेच सांगितलं. रेंजरनं वाट्यांचं काही लिहून घेतलं नाही, त्याच्या नमुन्यात तो रकाना नव्हता. पण गावातला एकही माणूस ठराव आपला म्हणत नाही आणि सही एकाच बाईची आहे, एवढं त्यानं लिहिलं.

“ही तीन झाडं कशी उरली?” गार्डनं पत्रूला विचारलं.

“राहून गेली असतीन,” पत्रू म्हणाला. त्यानं ओढ्याकडे पाठ फिरवली. पण त्याचं नाव कुठेच नव्हतं. ठरावावर नव्हतं. कंपनीत तर त्याला नेमल्याची चिठ्ठीसुद्धा कोणी दिली नव्हती, त्यामुळे वासेकर साहेब अशा नावाचा माणूस ओळखत नव्हते. मोटरसायकल तेवढी ओळखून परत नेली. दोन महिन्यांचा पगार राहिला. गुन्हा रंजीतावर दाखल झाला, आणि त्या दिवशी पत्रू हलकं वाटून पोटभर जेवला.

गाव फाल्गुनात बसलं. यावेळी बैठका गाळल्या नाहीत. पहिल्या बैठकीला पत्रू कायदा बोलला. दुसऱ्या बैठकीला कंपनीला शिव्या दिल्या. तिसऱ्या बैठकीला बुधू म्हणाला, “ज्या घरानं सगळ्यायचे वाटे नेले, त्या घरानं सगळ्यायचं भरून द्यावं. कसं ते त्या घरानं सांगावं.”

पत्रूनं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी रंजीता बोलली. बायकांमधून उठून, मधोमध येऊन.

“तीन झाडं हायत. ती गावाची. पयले दोन रुखमाबाईले. तिसऱ्याची फुलं ज्यायची झाडं गेली त्यायनं पाळीपाळीनं न्यावी.”

“माह्या बापाची झाडं हायत ती!” पत्रू ओरडला.

“मंग बापाले इचारून वाचवली होती का?”

मांडवात कोणी हसलं नाही. पत्रूनं आधार शोधत चौफेर पाहिलं. जो तो आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. आणि गाव गप्प बसलं की त्याचा अर्थ काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

केस होण्याआधी टेकडीवर लावून झालेल्या रोपांपैकी पावसाळ्यानंतर निम्मी जगली आणि जगली त्यांना फळ धरलं नाही. कंपनीनं अनुदानाचा पहिला हप्ता घेतला होता. दुसरा आला नाही म्हणून ती दुसऱ्या जिल्ह्यात पवनचक्कीच्या धंद्यात शिरली. वासेकर साहेबांना बढती मिळाली, येरमटोल्याचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर छापला गेला. वाजिदला भाडं सगळं मिळालं, पण पुढच्या हंगामात त्याची जीप या बाजूनं रिकामीच गेली. नुसतं खोकण्याची किंमत आपणही थोडी भरली, असं तो कबूल करतो. बुधूचं वाकडं झाड गेलं. इसरू बायकोला घेऊन आंध्रात मिरची तोडायला जाऊ लागला. आणखी सहा घरंही त्याच गाडीत चढली. रुखमाबाईच्या दोन झाडांच्या जागी दोन आली, पण ती ओढ्याकडची, फूल बारीक.

रंजीताचं सरपंचपद गेलं. केस अहेरीला चालू आहे. तारखेच्या दिवशी ती भाकरी बांधून पहाटे निघते, दुपारपर्यंत व्हरांड्यात बसते, नाव पुकारलं की आत जाते, पुढची तारीख घेऊन येते. त्या दिवसाची रोजी बुडते, बसचं भाडं जातं, वकील दरवेळी काहीतरी मागतो. पत्रू सोबत जात नाही. आपला या प्रकरणाशी संबंध नाही, असं तो पानठेल्यावर सांगत असतो, आणि कागदोपत्री ते खरंही आहे. टेकडीच्या व्यवहारात त्यानं एक पैसा भरला नाही. पानाचे पैसेही रंजीताच देते.